खाडाखोड

एल्डर म्हणजे वडीलधारा,
असं त्याच्या खिशावरच्या काळ्या पट्टीवर लिहिलेलं,
आणि वय एकोणीस. युटाचा लिंडक्विस्ट.
सोबत राजमहेंद्रीचा गोल्लापल्ली, तोही एल्डर,
मिशी नुकती फुटलेली.
माझगावात तिसरा मजला चढून आले,
वरच्या कुलासोबाईंनी पाठवलं म्हणे:
रूथमावशींना जुन्या कागदांची आवड आहे.

आवड नाही हो, नोकरी होती.
चौतीस वर्षं फोर्टातल्या दप्तरखान्यात
कसरीनं खाल्लेल्या पानांना पातळ कागद डकवत बसले.

चहा नको म्हणाले. कॉफीही नको.
कोकम सरबत चाललं.

मग लिंडक्विस्ट सांगू लागला,
आणि गोल्लापल्ली त्याच्या इंग्रजीचं हिंदी करू लागला,
मला गरज नसताना.
अमेरिकेची घटना देवानं घडवून आणली.
त्यासाठी शहाणी माणसं मुद्दाम उभी केली.
ती मेली, आणि कितीतरी वर्षांनी
एका मंदिरात, एका धर्माधिकाऱ्यापुढे येऊन
म्हणाली, आमचा बाप्तिस्मा राहिलाय.

मी विचारलं, बाळा, मसुदा वाचलास का?
पाच माणसं मोजायची ती तीन धरायची,
आणि 'गुलाम' लिहायचं नाही,
'इतर व्यक्ती' लिहायचं.
देवाला कसली रे लाज?
हा हात मी ओळखते.
घासाघीस करून, दिवे लागणीला,
'चला, एकदाचं संपवा' म्हणणाऱ्यांचा हात.
असे कागद मी गठ्ठ्यांनी चिकटवलेत.

आणि तुमच्याच लोकांना मिसूरीतून हुसकायचा हुकूम निघाला,
गव्हर्नरच्या सहीचा.
राजधानीत दाद मागितली तर उत्तर काय,
तुमचं म्हणणं न्याय्य आहे, पण माझा इलाज नाही.
तेव्हा कुठे होती ती देवाची घटना?

तो म्हणाला, घटना पवित्रच होती,
माणसं कमी पडली.

हे बरंय.
यश वरच्याचं, चूक खालच्याची.
आमच्या खात्यातही हीच पद्धत होती.

तो हसला. चिडला नाही, हे सांगायला हवं.
म्हणाला, तुम्ही तर इस्राएलच्या वंशातल्या,
तुमचेच भाऊबंद गलबतातून अमेरिकेला पोचले होते,
सोन्याच्या पत्र्यांवर सगळं लिहून ठेवलेलं सापडलं.

आमचंही गलबत होतं.
नवगावच्या खडकांवर फुटलं.
सात पुरुष, सात बायका वाचल्या, असं सांगतात.
पोथ्या बुडाल्या.
मग पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळलं,
शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवारतेली.
कुणाच्या शेतात पत्रे निघाले नाहीत.
पुस्तक नसलेल्याची भूक मला ठाऊक आहे, लिंडक्विस्ट,
त्या भुकेत माणूस दगडसुद्धा वाचतो.

त्यानं वही काढली. पणजीचं नाव विचारलं,
जन्म, मृत्यू, गाव.
नाव कशाला, ते मला माहीत होतं.
दिलं नाही.
मेलेल्याची सही लागत नाही,
म्हणून तर तो सगळ्यांना सोयीचा.
तुमच्या त्या घटनाकारांपैकी एकजण तरी
नको म्हणाला का?
एकही नाही?
मग मला त्या रांगेचीच शंका येते.

बराच वेळ पंख्याचा आवाज.
मग गोल्लापल्लीनं, या वेळी कुणाचंच भाषांतर न करता,
विचारलं, मावशी, तुम्ही काहीच मानत नाही?

मानते की.
अलिबागेजवळ खंडाळ्याला एका खडकावर
एलियाहू नबीच्या रथाची खूण आहे.
मी हात लावून पाहिलाय.
पाण्यानं झिजला असेल, बैलगाडीनं घासला असेल.
तरी दर वर्षी मलिदा करते, पोहे, गूळ, खोबरं,
आणि तिथेच नेऊन ठेवते.
फक्त त्या खुणेवरून
कुणाचा सातबारा बदलत नाही.

हे नीट सांगता आलं का, कोण जाणे.
फरक तेवढाच असेल तर फार थोडा आहे,
रात्री पडल्या पडल्या तसं वाटलंही.

जाताना लिंडक्विस्ट उठला,
तिन्ही ग्लास मोरीत नेऊन विसळले,
पालथे घातले.
ते मात्र मला लगेच पटलं.